हौशी गटासाठी नाटक कसं निवडता? संहिता कशी वाचता?

ओसरी

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या आमच्या वाचनालयाचा एक छोटा गट आहे. महिन्यातून दोनदा जमतो, पुस्तकांवर बोलतो. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, नुसतं बोलण्याऐवजी काहीतरी सादर करायचं ठरलंय. ते जमलं तर पुढे दिवाळीच्या सुमारास एक पूर्ण नाटक बसवायचीही सगळ्यांची इच्छा आहे. आठ बायका, तीन पुरुष. सगळ्यात लहान मुलगी कॉलेजात आहे. सगळ्यात मोठ्या आजी सत्तरीच्या, आणि त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मंच म्हणजे वाचनालयाचं सभागृह. पडदा नाही, विंगा नाहीत, वर ट्यूबलाइट.

अडचणी दोन आहेत. पहिली नेहमीचीच, बायका जास्त आणि पुरुष कमी. दुसरी मला जास्त सतावते. आम्ही सगळे कथा-कादंबऱ्या वाचणारे. नाटकाचं पुस्तक हातात घेतलं की नजर पात्राच्या नावावरून संवादावर, तिथून कंसातल्या सूचनेवर अशी अडखळत राहते आणि माणसं डोळ्यांपुढे उभीच राहत नाहीत. जे नाटक पाहिलंय ते वाचताना छान वाटतं, कारण तेव्हा आपल्याला नटाचा आवाज ऐकू येत असतो. न पाहिलेलं नाटक कोरडं वाटतं आणि बाजूला पडतं. असं करत गेलो तर आपण कायम ओळखीचीच चार नाटकं करत राहू.

तर संहिता सुचवाच, पण त्याआधी सांगा, तुम्ही नाटक वाचता कसं? एखादं नाटक आपल्या गटाचं आहे की नाही, हे कशावरून ओळखता?

कमळजा

'नटसम्राट' घ्या! शिरवाडकरांच्या जन्मदिवशी त्यांचंच नाटक, याहून योग्य काय? स्वगतं सगळ्यांना माहीत असतात, प्रेक्षक हमखास येतील.

विंगेतला

ओसरीताई, प्रश्न मनापासून आवडला. मी राज्य नाट्य स्पर्धेत आणि कामगार कल्याणच्या स्पर्धेत बरीच वर्षं काम करतोय, बहुतेक वेळ विंगेत, थोडंफार दिग्दर्शन. माझी रीत सांगतो.

पहिलं वाचन एका बैठकीत. नाटक दोन-अडीच तासांत घडावं म्हणून लिहिलेलं असतं. ते चार रात्रींत तुकड्यांनी वाचलं तर कुठे चढतं, कुठे थांबतं ते कळतच नाही. या वाचनात पेन्सिल हातात घ्यायची नाही.

दुसऱ्या वाचनात मी संवादांकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. दारं, वस्तू आणि वेळ एवढंच बघतो. कोण कुठून येतं, येताना हातात काय आहे, कोण बराच वेळ खोलीत असूनही गप्प आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. सुरुवातीला सामंत आणि बेणारे त्या रिकाम्या हॉलमध्ये येतात तेव्हाच बेणारेचं बोट दाराच्या कडीत चेमटलेलं असतं. ती बोट चोखत उभी असते आणि सामंत सहज सांगतो की ही कडी जरा त्रासाची आहे, नीट आत सरकवली नाही तर दार बाहेरून लागतं. पुढे दोघांच्या गप्पा इतक्या मोकळ्या आहेत की वाचणारा कडी विसरून जातो. मग बाकीची मंडळी येतात, वेळ घालवायला म्हणून अभिरूप न्यायालयाचा खेळ सुरू होतो, तो खेळ तिच्यावर उलटतो, ती निघून जायला दाराशी जाते, आणि दार उघडत नाही. तेंडुलकरांनी सापळा पहिल्या पानावर लावला, तोही तिच्याच बोटाला इजा करून. कादंबरीकाराला तिची कोंडी शब्दांत सांगता आली असती. नाटककाराकडे कडी आहे. दुसऱ्या वाचनात अशा कड्या शोधायच्या. एकदा हे लागलं की न पाहिलेलं नाटकही कोरडं वाटत नाही, बघा.

तिसरं वाचन मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून, भूमिका न वाटता. गोल बसा, पुढचं वाक्य ज्याच्या वाट्याला येईल त्यानं वाचायचं, पात्र बाई असो की पुरुष. अभिनय करायचा नाही. आणि त्या वेळी पुस्तकाकडे न बघता माणसांकडे बघा. आपली पाळी नसताना कोण मान वर करून ऐकतंय, कोण पुढची पानं चाळतंय. निवड तिथे होते. तीन महिने रोज संध्याकाळी त्याच वाक्यांपाशी परत यायचं असतं. पहिल्या वाचनाला गट कंटाळला तर तालमीत तो गळतोच.

@कमळजाताई, 'नटसम्राट'बद्दल जरा वेगळं मत आहे. ती संहिता मी फार वेळा वाचली आहे आणि दर वेळी कावेरीपाशी थांबतो. डॉ. लागूंनी १९७० मध्ये पहिल्यांदा आप्पासाहेब उभे केले तेव्हा कावेरी होत्या शांता जोग. स्वगतं बाजूला ठेवून फक्त तिचे प्रवेश वाचून काढा. आप्पा तिला 'सरकार' म्हणतात, आणि ते सरकार किती कमी शब्दांत घर चालवतं, केव्हा नवऱ्याला आवरतं, केव्हा आवरणं सोडून देतं, ते बघा. आप्पा झेपणारा नट गटात असेल तर नाटक जरूर घ्या. पण स्वगतं पाठ असलेला एक गृहस्थ आहे म्हणून घेऊ नका, ती कावेरी त्यात दिसेनाशी होते.

ओसरी

@विंगेतला, कडीचं वाचून लगेच कपाटातून पुस्तक काढलं. हे नाटक मी कॉलेजात असताना वाचलेलं आहे, पण त्या बोटाकडे लक्षच गेलं नव्हतं. खूप आभार. गोल बसून वाचायचं पुढच्या बैठकीत करतोच.

वऱ्हाडवाट

धागा वाचून राहवलं नाही. यवतमाळकडचा आहे म्हणून आधी 'वाडा चिरेबंदी'चं सांगतो. एलकुंचवार पारव्याचे. धरणगावकर देशपांड्यांच्या त्या वाड्यात शिरायला प्रयोग पाहिलेला असायची गरज नाही, संहिता पुरते. तात्याजी गेलेत, मुंबईहून सुधीर आणि अंजली यायचे आहेत, आणि दारात ट्रॅक्टर गंजत पडलाय. पैसा कुठून आणायचा यावर भाऊ-भाऊ बोलतात तेव्हा वरवर सगळं तेराव्याबद्दल चाललेलं असतं. जमीन, दागिने, वाड्याच्या वाटण्या हे सगळं त्या जेवणावळीच्या हिशेबातून बाहेर येतं. आणि वर दादी वेळ विचारत राहते. वाचताना ते वाक्य लहान दिसतं, मोठ्यानं वाचलं की दर वेळी खोलीतलं बोलणं तोडून जातं.

विनंती एकच. पुण्या-मुंबईकडचे हौशी गट हे नाटक घेतात तेव्हा वऱ्हाडी बोली 'सगळ्यांना कळावी' म्हणून सपाट करतात. तसं करू नका. वहिनीची आणि प्रभाची भाषा कोकणस्थ अंजलीच्या भाषेपेक्षा वेगळी आहे, यातच त्या घरातलं अंतर आहे. ते काढलं की नुसती गोष्ट उरते. बोली येत नसेल तर आमच्याकडच्या कुणाला बोलवा, चार दिवस बसून वाचून घ्या. आनंदानं येतील.

शिवाय आमच्या पूर्व विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. वडसा हे तिचं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गावात शंकरपट (बैलांची शर्यत), मंडई (गावची जत्रा) असली की रात्री नाटक, आणि ते उजाडेपर्यंत चालतं. तिथली नाटकं तिथल्याच लेखकांनी त्या प्रेक्षकासाठी लिहिलेली असतात. शहरातल्या नाट्यप्रेमींनी एकदा तरी जाऊन बघावं. नाटक कुणासाठी निवडायचं याचं उत्तर तिथे समोर बसलेलं दिसतं.

दुसरी_घंटा

वाह, काय धागा आहे! वाचनखूण साठवली.

ओसरी, तुमच्या गटाच्या संख्येवर थेट बोलते. प्रशांत दळवींचं 'चारचौघी'. आई आणि तीन मुली, म्हणजे चार बायका, आणि पुरुष बरोबर तीन. १९९१ मध्ये आलं, चंद्रकांत कुलकर्णींचं दिग्दर्शन, आणि २०२२ मध्ये त्यांनीच नव्या संचात परत उभं केलं. तीस वर्षांनी तेच प्रश्न प्रेक्षकांना तितकेच लागले. विद्याचा फोनवरचा लांबलचक प्रवेश वाचताना एक करून बघा. पलीकडचा माणूस काय म्हणत असेल ती वाक्यं समासात पेन्सिलीनं लिहा. ती लिहिताना कळतं की दळवींनी प्रत्येक थांब्याला जागा दिली आहे. पलीकडचं वाक्य सुचलं नाही तर आपल्याला तो प्रवेश अजून समजलेला नाही.

दोन बायकांसाठी प्राजक्त देशमुखांचं 'देवबाभळी'. तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन आलेली रखुमाई. संगीताची बाजू मात्र भक्कम हवी, गाणाऱ्या मुली असल्याशिवाय हात घालू नका. सत्तरीच्या आजींसाठी जयवंत दळवींचं 'संध्याछाया' बघा. नानी त्यांना शोभेल, आणि नाना करायला एक पुरुष पुरे आहे. एक स्त्री आणि एक पुरुष हवे असतील तर राजीव नाईकांचं 'साठेचं काय करायचं?'. मत्सरावर इतकं नेमकं मराठीत क्वचित लिहिलं गेलंय, आणि नेपथ्याची फार गरज नाही, ट्यूबलाइटखालीसुद्धा उभं राहील.

आणि पुरुषांच्या भूमिका बायकांनी का करू नयेत? आपल्याकडे बालगंधर्वांनी आयुष्यभर स्त्रीभूमिका केल्या. उलटं करायला एवढा संकोच कशाला!

विंगेतला

+१. फक्त एक, भूमिका बदलायची तर नाटक त्याला तयार आहे का ते बघावं. 'शांतता'त सुखात्मे वकील बाईनं केला तर बेणारेला घेरणारे कोण, याचा अर्थच बदलतो. मुद्दाम बदलायचा असेल तर जरूर. नट मिळत नाही म्हणून नको. आणि तेव्हाही आधी लेखकाच्या वारसांशी बोलून.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे गावागावांत देवळाच्या उत्सवात नाटक असतं. कलाकार गावचेच आणि प्रेक्षकही गावचेच. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला गट वेगळी तयारी करतात. या दोन ठिकाणी एकच संहिता चालत नाही, म्हणून माझा मुद्दा जागेबद्दल आहे.

देवळासमोरच्या मांडवात पोरं धावत असतात, बाजूला फेरी (जत्रेतली दुकानं) भरलेली असते, मागच्या रांगेत कुणी नुकतंच जेवून आलेलं असतं. तिथे पहिली दहा मिनिटं कुणी ऐकत नाही, बघतात. त्यामुळे ज्या नाटकाची पहिली एन्ट्री डोळ्यांनी कळते ते तिथे उभं राहतं. पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकं उत्सवात टिकून आहेत त्याचं हे एक कारण मला वाटतं. कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये महाराज आणि संभाजी समोरासमोर उभे राहिले की लांबूनही कळतं, बाप-लेकात काय चाललंय. उलट एलकुंचवारांचं 'आत्मकथा' आम्ही बंदिस्त जागेतच केलं, थोड्या प्रेक्षकांसमोर, आणि तिथे एकेक शब्द पोचला.

तेव्हा ओसरीबाई, वाचताना तुमचं सभागृह डोळ्यांपुढे धरून वाचा. पडदा नाही म्हणजे अंक संपल्यावर काळोख नाही. ज्या नाटकात प्रवेश सारखे बदलतात, घरातून बागेत, बागेतून कचेरीत, ते ट्यूबलाइटखाली खुर्च्या सरकवण्यात जाईल. एका खोलीत, सलग वेळेत घडणारं बघा.

अजून एक. काही नाटकं पुस्तकात पूर्ण नसतात. गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मालवणीतलं, मच्छिंद्र कांबळींनी गाजवलं. त्याची संहिता वाचून कुणाला वाटेल एवढं काय त्यात? त्या तात्या सरपंचाची जान नटाच्या हजरजबाबीपणात आहे, प्रेक्षकाला उलट उत्तर देण्यात आहे. असलं नाटक निवडताना आपल्याकडे तसा माणूस आहे का ते आधी पाहावं.

खिडकीपाशी

मी नट नाही, दिग्दर्शक नाही, कधी होणारही नाही. नाटकं फक्त वाचते. इथे सगळे 'मोठ्यानं वाचा', 'गोल बसा' म्हणतायत, ते खरंच असेल, पण एकटीनं, मुक्यानं नाटक वाचण्यात एक सुख आहे त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

प्रयोगात दिग्दर्शकानं एक निवड केलेली असते. पुस्तकात सगळ्या निवडी मोकळ्या असतात. आळेकरांचं 'बेगम बर्वे' मी वाचते तेव्हा बर्वे एकदा नुसता उदबत्त्या विकणारा थकलेला माणूस असतो, एकदा खरंच बेगम असतो, आणि दोन्ही एकाच पानावर. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून त्या स्वप्नात शिरतात कुठे आणि बाहेर येतात कुठे, याची रेघ मला प्रत्येक वाचनात वेगळ्या जागी सापडते. प्रयोगात ती रेघ प्रकाशानं आखली जाते. प्रयोग मोठाच आहे, पण वाचणारीला ती रेघ स्वतः आखायला मिळते. 'महानिर्वाण'चंही तसंच. मेलेला भाऊराव कीर्तन करतो आहे, हे डोळ्यांनी पाहण्याआधी मनात ऐकावं असं मला वाटतं.

जुनी नाटकंही वाचा. देवलांचं 'शारदा' १८९९ चं. लोक पदांसाठी ओळखतात, पण गद्य वाचून बघा. पाऊणशे वयमानाच्या भुजंगनाथाचं लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित, पैशाला भुललेला कांचनभट आणि हतबल इंदिराकाकू. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी वाक्यं ताठ, बोलती, आजच्या जिभेला सहज येणारी. त्यानंतर गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या, फरक कळेल. गडकऱ्यांचं वाक्य कोट्या करत, वळणं घेत लांबवर जातं. तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश वाचताना मी कितीही वेळा हसते, आणि पुढे सिंधूचं घर रिकामं होत जातं तेव्हा त्याच मंडळाचा राग येतो. दोन्ही भावना एकाच नाटकात, एकमेकांना लागून.

ओसरी, तुमचं 'कोरडं वाटतं' मला समजतं. माझा उपाय म्हणजे सावकाश वाचणं. कंसातली सूचना आली की थांबायचं, ती घडू द्यायची, मग पुढे. 'पाणी पितो' असं लिहिलं असेल तर त्याला पाणी पिऊ द्यावं.

विंगेतला

@खिडकीपाशी, फार सुंदर लिहिलंत. 'बेगम बर्वे'बद्दल पूर्ण सहमत. आणि गडकऱ्यांबद्दल एक जोडतो. ते वाक्य मोठ्यानं वाचून घ्यायचं तर आधी श्वास कुठे घ्यायचा त्या जागा मारून घ्याव्या लागतात. आमच्याकडच्या तरुण मुलांकडून मी तळीरामाचं एखादं पान मुद्दाम वाचून घेतो. महिनाभर ते केलं की कुठल्याही नाटकातलं लांब वाक्य त्यांना जड जात नाही.

हडसनपार

न्यू जर्सीहून. आमच्या मंडळात गणपतीत आणि संक्रांतीला नाटक असतं. वेळ मिळतो पाऊण तास, कारण आधी आरती आणि नंतर जेवण. मुलांच्या नाटकाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' आम्ही मुलांकडून वाचून घेतलं. इथली मुलं मराठी समजतात, बोलतात बेताचं, देवनागरी वाचणारी थोडी. सुरुवातीला पालकांचा आग्रह की सोपं करून लिहून द्या. आम्ही संहिता तशीच ठेवली. चिंची चेटकिणीची वाक्यं मुलांनी ऐकून ऐकून पाठ केली, अर्थ मागाहून विचारले. लय असलेली वाक्यं मुलांच्या तोंडी आधी बसतात, हे मतकरींना पक्कं ठाऊक होतं. नाटक झाल्यावरही घरात तीच वाक्यं चालू होती. शनिवारच्या मराठी शाळेत जे शब्द येत नव्हते ते आले.

मोठ्यांसाठी एक विचारायचं होतं. पाऊण तासात बसवायला आम्ही तीन अंकी नाटक कापतो. 'तुझे आहे तुजपाशी'चे निवडक प्रवेश, असं काहीतरी. चालतं ना?

दुसरी_घंटा

@हडसनपार दादा, मनापासून सांगते, कापू नका. काकाजी आणि आचार्य यांच्यातलं ते नाटक पुलंनी हळूहळू पिकवलंय. विनोदाचे प्रवेश तेवढे उचलले तर आचार्य निव्वळ टिंगलीचा विषय होतो. पुलंनी त्याला शेवटी जे माणूसपण दिलंय ते पाऊण तासात येतच नाही, आणि मग काकाजीही उथळ वाटतो.

पाऊण तासासाठीच लिहिलेली नाटकं आहेत की! मराठी एकांकिकेइतकं समृद्ध दालन दुसरं नसेल. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी', दोनच नट, नेपथ्य शून्य, आणि विषय असा की शेवटी टाळी वाजवायला हात लगेच उठत नाहीत. एलकुंचवारांची 'सुलतान', 'होळी'. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. भरत नाट्य मंदिरात दर वर्षी कॉलेजची मुलं नव्या एकांकिका घेऊन येतात. गाजलेल्यांच्या लेखकांना विचारलं तर बहुतेक जण परदेशातल्या प्रयोगाला आनंदानं परवानगी देतात.

हडसनपार

पटलं. 'घोटभर पाणी' मागवतो. आमच्याकडे यावर बोलणं व्हायलाच हवं आहे.

कागदपत्र

परवानगीचा विषय निघालाच आहे तर नीट लिहितो, कारण हौशी गट इथेच अडकतात.

भारतातल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर हे केव्हाच मुक्त झाले. मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, म्हणजे २०२५ पासून त्यांची नाटकं मुक्त आहेत. 'हाच मुलाचा बाप', 'सत्तेचे गुलाम' पुन्हा काढून वाचायला हरकत नाही. अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचे हक्क २०२९ अखेरपर्यंत. शिरवाडकर, पुलं, तेंडुलकर, कानेटकर यांच्यासाठी परवानगी हवीच. अनुवाद किंवा रूपांतर असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. मूळ लेखक शेक्सपिअर आहे म्हणून मराठी रूपांतर आपोआप मोकळं होत नाही.

कायद्यात हौशी मंडळांसाठी सवलत आहे. तिकीट नसलेल्या प्रेक्षकांसमोर हौशी संस्थेनं केलेला प्रयोग उल्लंघन धरला जात नाही. शाळा-कॉलेजनं आपल्याच विद्यार्थी-पालकांपुढे केलेल्या प्रयोगालाही अशीच मुभा आहे. तरीही माझं आग्रहाचं सांगणं, पत्र लिहाच. पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रयोगाच्या हक्कांसाठी कुणाला विचारायचं ते बहुधा छापलेलं असतं. लेखक हयात असतील तर त्यांना कळू द्या की ठाण्यातल्या एका वाचनालयात त्यांचं नाटक वाचलं जातंय. त्यांच्या दृष्टीनं तो मानधनाइतकाच मोलाचा निरोप असतो.

महाराष्ट्रात दुसरी पायरी म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. स्पर्धेच्या अर्जात डीआरएम नंबर मागतात तो हाच. जुन्या, गाजलेल्या नाटकांना तो आधीच मिळालेला असतो, प्रकाशकाकडे किंवा आधी प्रयोग केलेल्या संस्थेकडे चौकशी करा. नवी संहिता असेल तर मंडळाकडे पाठवावी लागते आणि त्याला वेळ लागतो. तारीख पक्की करून हॉलचे पैसे भरण्याआधी हे उरकून घ्या.

ओसरी

सगळ्यांचे किती आभार मानू? काल बैठक झाली, त्याचा वृत्तांत देते.

विंगेतलाकाका म्हणाले तसे गोल बसलो. 'चारचौघी'चा पहिला अंक वाचला, वाक्य येईल त्यानं वाचायचं. आईची वाक्यं आमच्या कॉलेजातल्या मुलीकडे आली आणि धाकट्या विनीची आजींकडे. विनीचं दोघांवर प्रेम आहे, दोघांबरोबर राहायचं आहे, हे आजींनी अगदी सरळ, जराही न लाजता वाचलं. सगळ्यांनी पुस्तकातून माना वर काढल्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण ही चुकतेय कुठे, ते सांगा ना मला." त्यावर जे बोलणं सुरू झालं ते वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी संपेना. नाटक आमचं आहे हे तिथेच ठरलं. परवानगीचं पत्र लिहायला घेतलंय. मोठा प्रयोग दिवाळीनंतर, घाई नाही. विद्याच्या फोनमधली पलीकडची वाक्यं लिहायचं काम तिघीजणींनी वेगवेगळं करायला घेतलंय, मग जुळवून बघणार आहोत.

प्रश्न उरला २७ फेब्रुवारीचा. अकराही जणांना वाट्याला काहीतरी यायला हवं, पाठांतराला वेळ कमी, आणि ट्यूबलाइट आहेच. काय करावं?

खिडकीपाशी

दिवाकरांच्या नाट्यछटा! १९११ पासून लिहिलेल्या, पान-दीड पानाच्या. एकच माणूस बोलतो आणि समोरचा काय म्हणाला ते त्याच्या बोलण्यावरून आपल्याला उमगतं. शाळेच्या स्पर्धेत लहान मुलांकडून हातवारे करून घेतात म्हणून आपण त्यांना पोरखेळ समजून बसलोय. मोठ्या माणसांनी, संथपणे, शेजारच्याशी बोलावं तशा वाचा. 'पंत मेले - राव चढले' दोघांना वाटून द्या. एका घरात माणूस गेल्याचं दुःख, दुसऱ्या घरात त्याच्याच रिकाम्या जागेवर बढती मिळाल्याचा आनंद. पहिल्या घराचं वाचन संपल्यावर मध्ये टाळी पडू देऊ नका, लगेच दुसरं सुरू करा.

आणि हा 'चारचौघी'तल्या फोनसाठी उत्तम सराव आहे, दोन्हीकडे समोरचा माणूस ऐकूच येत नाही.

विंगेतला

अगदी हेच लिहायला आलो होतो. दिवाकर १९३१ मध्ये गेले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. शेवटी 'शारदा'तला इंदिराकाकू आणि कांचनभट यांचा एखादा प्रवेश जोडा, इंदिराकाकू आजींना द्या. माइक दोन असले तरी वापरू नका. लहान सभागृहात उघडा आवाज चांगला लागतो. रंगीत तालीम आदल्या दिवशी, त्याच जागी, त्याच वेळी घ्या. संध्याकाळी खिडकीबाहेर रिक्षांचा आवाज किती येतो त्यावर क्रम ठरवा, हळू आवाजाच्या छटा रहदारी कमी झाल्यावर ठेवा.

ओसरी

ठरलं. अकरा छटांची निवड रविवारी करतोय. कुणाकडे दिवाकरांच्या नाट्यछटांची पूर्ण प्रत ठाण्यात किंवा मुलुंडला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, झेरॉक्स काढून दुसऱ्या दिवशी परत करू.

दुसरी_घंटा

माझ्याकडे आहे, मुलुंड पूर्व. व्यनि केला आहे. २७ ला येतेच आहे, पुढच्या रांगेत जागा ठेवा.